मापाला शिस्त लावणारा माणूस

दुचाकीच्या चाकाचे बेअरिंग गेले की आपण मेस्त्रीकडे जातो. मेस्त्री एक नंबर लिहून देतो, नाक्यावरच्या दुकानातून आपण तो भाग आणून त्याच्या हातात ठेवतो आणि तासाभरात गाडी पुन्हा रस्त्यावर. यात काही नवल आहे असे आपल्या मनातही येत नाही. पण क्षणभर विचार करून पाहा. चाक बनले एका कारखान्यात. बेअरिंग बनले दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या देशात. ते बनवणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. तरी एकाने केलेल्या भोकात दुसऱ्याने केलेली कडी नेमकी बसते. सैल नाही, अतिघट्ट नाही. हे लग्न जमवले कोणी?

उत्तर शोधायचे तर पिंपरी-चिंचवडच्या, नाशिकच्या सातपूरच्या किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात, तपासणी विभागात जावे लागेल. तिथे टेबलावर एक छोटे उपकरण असते. खाली सपाट बैठक, उभ्या खांबाला धरलेली पेन्सिलीएवढी सळी, सळीच्या टोकाला बारीक टणक गोळी आणि वरून निघालेली वायर शेजारच्या डब्यात गेलेली. यंत्रावर कातलेला, घासलेला भाग (कारखान्याच्या भाषेत ‘जॉब’) त्या गोळीखाली सरकवला की डब्यावर आकडा उमटतो किंवा दिवा लागतो. हिरवा दिवा लागला तर माल पास, लाल लागला तर बाजूला. हे विजेवर चालणारे मापनयंत्र मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन, सहज ओळखते. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाचे सत्तर उभे काप केले, तर त्यातल्या एका कापाएवढी चूकही या यंत्राच्या नजरेतून सुटत नाही.

मात्र या हुशार यंत्राला एक गोष्ट येत नाही. समोरचा भाग किती मिलिमीटरचा आहे, हे त्याला आपल्या आपण कळत नाही. त्याला कळतो तो फक्त फरक: आधीच्या वस्तूपेक्षा ही वस्तू किती मोठी, किती लहान. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तपासनीस लाकडी पेटीतून पोलादाची एक चकचकीत वडी काढतो, ती पुसून गोळीखाली ठेवतो आणि यंत्राचा आकडा शून्यावर आणतो. पुढचे प्रत्येक माप त्या वडीच्या तुलनेने घेतले जाते. यंत्राला ‘कम्पॅरेटर’, म्हणजे तुलना करणारे, हे नाव आहे ते त्यामुळेच. आणि त्या पोलादी वडीला आपल्याकडचा आयटीआयमधला कोणताही विद्यार्थी ‘स्लिप गेज’ म्हणतो.

वडी म्हटले तर साधी. चौकोनी, गुळगुळीत, अंगठ्याच्या पेराएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. तिला ना चाक, ना स्प्रिंग, ना वायर. पण विसाव्या शतकातले यंत्रयुग या वड्यांवर उभे राहिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. या वड्यांचा संच ज्याच्या डोक्यातून निघाला तो कोणी प्राध्यापक नव्हता की संशोधनसंस्थेतला शास्त्रज्ञ नव्हता. तो होता स्वीडनमधल्या एका सरकारी बंदूक कारखान्यातला कारागीर. त्याचे नाव कार्ल एडवर्ड योहान्सन.

लाकडाच्या गिरणीतून बंदुकीच्या कारखान्यात

योहान्सनचा जन्म १५ मार्च १८६४ रोजी स्वीडनमधल्या गोटलुंडा परिसरातल्या एका खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. त्या काळचा स्वीडन आजच्यासारखा श्रीमंत देश नव्हता. जमीन थोडी, थंडी फार आणि खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून हजारो तरुण बोटीत बसून अमेरिकेचा रस्ता धरत. आपल्याकडे कोकणातला मुलगा जसा मुंबईची वाट धरी, तशी तिकडच्या मुलांनी मिनेसोटाची वाट धरली होती. १८८२ साली अठरा वर्षांचा एडवर्ड आपल्या भावासोबत, अर्व्हिडसोबत, तिकडे गेला. डुलूथ गावी लाकूड कापण्याच्या गिरणीत त्याने मजुरी केली आणि तिथल्या स्वीडिश लोकांनी काढलेल्या गुस्ताव्हस अडॉल्फस कॉलेजात काही काळ शिक्षणही घेतले.

पण इतर पुष्कळांसारखा तो तिथे कायमचा राहिला नाही. दोन-तीन वर्षांतच तो मायदेशी परतला आणि एस्किल्स्टूना गावी आला. सुऱ्या, कुलुपे, कात्र्या अशा पोलादी मालासाठी हे गाव प्रसिद्ध. धातूचे काम इथल्या हवेतच होते म्हणा ना! दिवसा काम आणि संध्याकाळी व रविवारी तंत्रशाळा अशी त्याची दिनचर्या सुरू झाली. पुढे गावातल्या सरकारी रायफल कारखान्यात त्याला जागा मिळाली. तिथे तो आर्मरर, म्हणजे शस्त्रांची जुळणी आणि तपासणी करणारा कारागीर झाला. इथेच मापाच्या प्रश्नाशी त्याची गाठ पडली.

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. जुन्या काळी बंदूक हे एका कारागिराच्या हातचे काम असे. नळीला खटका बसत नसेल तर तो कानस घेऊन घासून घासून बसवी. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीला लागत नसे. सैन्याला हे परवडणारे नव्हते. रणांगणावर मोडलेल्या दोन बंदुकांतून एक चांगली करता आली पाहिजे, तर प्रत्येक भाग दुसऱ्यासारखा हवा. त्यासाठी कारखान्यात प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापासाठी वेगळा गेज, म्हणजे तपासणीचा नमुना, ठेवू लागले. पण गेज वापरून वापरून झिजतो. मग तो बरोबर आहे की नाही हे तपासायला आणखी एक पक्का नमुना लागतो. रायफलीला भाग अनेक, एकेका भागाला मापे अनेक, आणि प्रत्येक मापाला वेगळा नमुना. राखणदारावर राखणदार नेमता नेमता कारखान्याची पुरेवाट होई.

१८९४ साली स्वीडनने आपल्या सैन्यासाठी जर्मनीतल्या माउझर कंपनीची बंदूक स्वीकारली. तिचे उत्पादन पुढे एस्किल्स्टूनातच व्हायचे होते. तेव्हा माउझरची कार्यपद्धती पाहण्यासाठी नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी काही मंडळी पाठवण्यात आली. त्यांत योहान्सन होता. माउझरचा कारखाना पाहून तो थक्क झाला, पण त्याच वेळी अस्वस्थही झाला. तिथे मापे नियंत्रित करण्यासाठी पोलादी ठोकळे वापरत, पण प्रत्येक मापाचा स्वतंत्र ठोकळा. ही पद्धत उचलायची, तर आपल्या छोट्या गावात असे किती ठोकळे बनवायचे? किती वर्षे? किती पैसा?

चरित्रकार सांगतात, की उत्तर त्याला परतीच्या आगगाडीत सुचले.

वाण्याच्या दुकानातला हिशेब

ते उत्तर आपल्याकडच्या कोणत्याही किराणा दुकानदाराला लगेच पटेल. वाण्याकडे एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतच्या प्रत्येक वजनाचे वेगळे माप नसते. त्याच्या तागडीशेजारी मोजकी वजने असतात. साडेसातशे ग्रॅम साखर हवी असेल तर तो पाचशे, दोनशे आणि पन्नास अशी तीन वजने टाकतो. योहान्सनने विचार केला, की लांबीचेही असेच का करू नये? मोजके ठोकळे अशा बेताने निवडायचे, की ते एकावर एक ठेवून हवी ती लांबी उभी करता येईल.

त्याने कागदावर हिशेब मांडला. पहिली मालिका १.०१ मिलिमीटरपासून १.४९ मिलिमीटरपर्यंत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वाढणारी. ठोकळे ४९. दुसरी मालिका अर्ध्या मिलिमीटरपासून साडेचोवीस मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढणारी. तीही ४९ ठोकळ्यांची. तिसरी २५, ५०, ७५ आणि १०० मिलिमीटरच्या चार ठोकळ्यांची. एकूण ठोकळे झाले १०२. आणि त्यांतून १ मिलिमीटरपासून २०१ मिलिमीटरपर्यंत, शंभराव्या भागाच्या अंतराने, जवळजवळ २० हजार वेगवेगळी मापे तयार होतात! उदाहरणार्थ ४७.३६ हवे आहेत? मग १.३६, २१ आणि २५ असे तीन ठोकळे घ्या. मुलांना सुटीच्या दिवशी बसवून असे दहा-वीस आकडे जुळवायला द्यावेत, इतका हा गंमतीचा खेळ आहे. पुढे १.००१ पासून १.००९ पर्यंतच्या आणखी नऊ ठोकळ्यांची भर पडली आणि १११ ठोकळ्यांच्या संचाने एकेका मायक्रॉनच्या पायरीवर पोचता येऊ लागले.

कागदावरचा हिशेब मात्र एका अटीवर खरा होता, आणि ती अट भयंकर होती. तीन ठोकळे एकत्र केले की तिघांच्या चुकाही एकत्र होतात. चार केले की चौघांच्या. तेव्हा एकत्र रचलेले माप हजाराव्या भागापर्यंत विश्वासाचे हवे असेल, तर प्रत्येक सुटा ठोकळा त्याहूनही अचूक हवा. त्याच्या दोन्ही बाजू इतक्या सपाट आणि एकमेकींना इतक्या समांतर हव्यात, की मध्ये हवेचा थरही राहू नये. असे काम करणारे यंत्र तेव्हा जगात विकत मिळत नव्हते.

शिलाई मशीनवरचे संशोधन

१८९६ साली योहान्सनचे मार्गारेता हिच्याशी लग्न झाले. या नव्या संसारात एक शिलाई मशीन होते. योहान्सनने ते उचलले आणि त्याचे रूपांतर पोलाद घासण्याच्या यंत्रात केले! ठोकळे कारखान्यात कापून, तापवून, पाणी देऊन कठीण केले जात. मग नोकरीच्या वेळेनंतर घरी त्या मशीनवर ते अत्यंत बारीक भुकटीने, हळूहळू, चाचपत चाचपत घासले जात. कपड्यांना टाका घालायच्या चाकावर एक माणूस मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी झुंजत होता. मार्गारेताला तेव्हा काय वाटले असेल, याची नोंद इतिहासाने फारशी ठेवलेली नाही. पण जगातल्या पहिल्या स्लिप गेज संचामागे एका गृहिणीच्या शिलाई मशीनचा त्याग आहे, एवढे या पुरवणीच्या वाचक भगिनींनी जरूर लक्षात ठेवावे.

अडचणी एक-दोन नव्हत्या. पाणी दिलेले पोलाद दिसायला निर्जीव, पण आतून अस्वस्थ असते. महिने-वर्षे लोटली की त्याचा आकार अगदी किंचित बदलतो. आज अचूक असलेला ठोकळा पुढच्या वर्षी खोटा ठरणार असेल, तर त्याचा उपयोग काय? पोलादाला शांत कसे करायचे, हे योहान्सनने प्रयोग करकरून शोधले. आपली घासण्याची रीत त्याने पुढे बरीच वर्षे गुपित ठेवली.

या कामातून एक गंमत हाती लागली. दोन ठोकळ्यांचे घासलेले पृष्ठभाग स्वच्छ पुसून एकमेकांवर किंचित दाबून सरकवले, की ते चिकटून बसतात. ना डिंक, ना लोहचुंबक. एक उचलला तर दुसरा सोबत येतो आणि सरळ ओढून ते सहजी सुटत नाहीत. ओलसर काचेचे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात तसाच काहीसा हा प्रकार, पण कितीतरी पटींनी बळकट. पृष्ठभागांमधला तेला-ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर आणि पोलादाच्या रेणूंचे परस्परांचे आकर्षण ही त्याची कारणे. यामुळे चार ठोकळ्यांची रास एकसंध सळईसारखी वागते आणि सांध्यांमुळे मापात पडणारी भर जवळजवळ शून्य असते. पाहणाऱ्यांना ही जादू वाटे. आपल्या कारखान्यांत या क्रियेला आजही ‘रिंगिंग’ म्हणतात, आणि नवशिका कामगार पहिल्यांदा दोन गेज चिकटवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच नवल असते.

पहिला संच एस्किल्स्टूनाच्या रायफल कारखान्याला मिळाला. पण गावात अचूक ठरणे वेगळे आणि जगात ठरणे वेगळे. योहान्सनने आपली मापे पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप केंद्राकडून तपासून घेतली. मीटरचा मूळ नमुना जिथे जपून ठेवला होता, ते हे केंद्र. साध्या कारागिराचे काम तिथल्या कसोटीला उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभी पेटंटही पदरात पडले आणि १९११ साली त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली. आगगाडीतल्या कल्पनेपासून इथपर्यंत यायला त्याला पंधरा वर्षे लागली होती.

वीस अंश आणि पंचवीस पूर्णांक चार

माप अचूक झाले तसा एक नवाच पेच समोर आला. अचूक, पण कोणत्या हवेत? पोलाद उन्हाने वाढते, थंडीने आकसते. शंभर मिलिमीटरचा ठोकळा तापमान एका अंशाने वाढले की साधारण एक मायक्रॉनपेक्षा थोडा जास्त वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांत, तोच ठोकळा २० अंशांतल्यापेक्षा सुमारे २३ मायक्रॉन लांब भरेल. पंचवीस मिलिमीटरचा गेज हातात धरून पाच अंशांनी तापला, तरी तो दीड मायक्रॉनच्या आसपास फुगतो. म्हणून जाणता तपासनीस गेज उगाच हातात खेळवत नाही. जॉब आणि गेज दोन्ही एकाच लोखंडी पाटावर शेजारी शेजारी ठेवून देतो, त्यांची ऊब सारखी होऊ देतो आणि मगच तुलना करतो. दोघेही पोलादाचे असले की दोघांचे फुगणे सारखे होते आणि फरक खरा येतो.

माप कोणत्या तापमानाला खरे धरायचे, यावर तेव्हा देशोदेशी एकमत नव्हते. योहान्सनने २० अंश सेल्सियस पसंत केले. हिशेबाला सोपे आणि कारखान्यातल्या माणसाला सोसणारे. १९३१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लांबीच्या मापनासाठी हेच तापमान अधिकृत ठरवले आणि आजही ते कायम आहे.

दुसरा पेच इंचाचा. आपल्याकडचे सुतार आणि फिटर अजूनही सूत आणि इंचांत बोलतात, आठ सुतांचा एक इंच. पण इंच म्हणजे नेमका किती? गंमत अशी, की इंग्रजांचा इंच २५.४ मिलिमीटरपेक्षा किंचित लहान होता आणि अमेरिकनांचा किंचित मोठा. फरक इंचाच्या दहा लाखाव्या भागाचे दोन-तीन भाग. सुताराला त्याचे सोयरसुतक नाही, पण स्लिप गेज बनवणाऱ्याला आहे. दोन देशांसाठी दोन वेगळे संच करायचे की काय? १९१२च्या सुमारास इंचातले गेज बनवताना योहान्सनने मधला आणि सुटसुटीत आकडा घेतला: बरोबर २५.४ मिलिमीटर. ना त्याला कोणी तो अधिकार दिला होता, ना त्याच्यामागे कोणते सरकार होते. पण ज्याच्या ठोकळ्यांनी सगळे जग मोजत होते, त्याचा इंच हळूहळू जगाचा इंच झाला. १९३० साली ब्रिटनच्या आणि १९३३ साली अमेरिकेच्या उद्योगांनी तो मानकात स्वीकारला. १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी करार करून तो अधिकृत केला. एका कारागिराने केलेल्या सोयीवर राष्ट्रांनी सह्या केल्या, असे उदाहरण विरळाच.

अमेरिकेची दुसरी वाट

१९०८च्या सुमारास अमेरिकेतला पहिला संच कॅडिलॅक मोटार कंपनीच्या हेन्री लीलंडने विकत घेतला. सुटे भाग अदलाबदल करता यावेत, या वेडाने झपाटलेला हा माणूस. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडून चालवून दाखवण्यात आल्या आणि त्यांना मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. योहान्सनच्या ठोकळ्यांना गिऱ्हाईक कोणत्या गल्लीत मिळणार, हे यावरून स्पष्ट झाले.

मग पहिले महायुद्ध आले. एका कारखान्यातली तोफगोळ्याची टोपी दुसऱ्या कारखान्यातल्या गोळ्यावर बसली पाहिजे, तर दोन्हीकडचे गेज जुळले पाहिजेत. स्लिप गेजना सोन्याची किंमत आली आणि स्वीडनहून पुरवठा होणे कठीण झाले. तेव्हा १९१८ साली विल्यम होक या अमेरिकन माणसाने तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत यंत्राच्या साहाय्याने असे ठोकळे घासण्याची रीत बसवली. योहान्सनचे गुपित आता एकट्याचे उरले नाही. त्याच वर्षी त्यानेही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपली शाखा काढली होती.

१९२३ साली हेन्री फोर्डने ही अमेरिकन शाखा विकत घेतली आणि योहान्सन डिअरबॉर्नला फोर्डच्या पदरी रुजू झाला. तेव्हा त्याचे वय होते ५९. अठराव्या वर्षी लाकडाच्या गिरणीत ओझी वाहणारा मुलगा त्याच देशात, जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यात, मापाचा अखेरचा शब्द म्हणून परतला. फोर्डने ठोकळे मोठ्या संख्येने बनवले आणि इतर कारखान्यांना विकलेही. अचूकता ही श्रीमंतांची चैन राहिली नाही, ती गल्लीतल्या वर्कशॉपपर्यंत पोचण्याच्या वाटेला लागली. १९३६ साली, ७२व्या वर्षी, योहान्सनने काम थांबवले. आयुष्यभरात त्याने अटलांटिक महासागर २२ वेळा ओलांडला होता, आणि विमानाने नव्हे, बोटीने.

विजेचे डोळे आणि पोलादाची साक्ष

योहान्सनच्या हयातीतच मापनाच्या क्षेत्रात वीज शिरली होती. १९२० साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या व्हिडिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने धातूच्या दोन समांतर पट्ट्या रेडिओच्या व्हॉल्व्हच्या मंडलाला जोडल्या. पट्ट्यांमधले अंतर जरा बदलले की मंडलातल्या कंपनांचा वेग बदले आणि तो सुराच्या चढ-उतारासारखा कानाने ओळखता येई. एका इंचाच्या वीस कोटीव्या भागाएवढी हालचालही या युक्तीने जाणवते, असे त्याने दाखवले. १९३०च्या दशकात अमेरिकन कारखान्यांत विजेवर चालणारे कम्पॅरेटर आले. १९४० साली आजच्या यंत्रांत सर्रास असलेल्या रचनेचे पेटंट झाले. तिचे तत्त्व समजायला सोपे आहे. तारेच्या एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडायची. त्याच्या दोन बाजूंना दोन वेटोळी ठेवायची. मधून लोखंडी गाभा सरकता ठेवायचा आणि तो टोकाच्या गोळीला जोडायचा. गाभा बरोबर मधोमध असला की दोन्ही बाजूंची वीज सारखी होते आणि एकमेकींना पुसून टाकते. गाभा केसभर जरी सरकला, तरी एकीकडची वीज जास्त होते. तो फरक वाढवून काट्यावर किंवा आकड्यांत दाखवायचा. तागडीच्या दोन पारड्यांची ही विजेची बहीणच.

या यंत्रांनी कारखान्याचा चेहरा बदलला. डोळे ताणून रेघा मोजणे संपले. हजारो पिस्टन तासातासाला तपासून मायक्रॉनच्या फरकाने वेगवेगळ्या गटांत लावता येऊ लागले. पण यांतले प्रत्येक यंत्र सांगत होते ते बदल. व्हिडिंग्टनची पट्टी किती सरकली ते तिला कळे. ती मुळात कुठे उभी आहे ते तिला कळत नसे. यंत्र जितके तल्लख, तितकी त्याला खात्रीच्या वडीची गरज जास्त. कारण चुकीच्या वडीवर शून्य लावलेले उत्तम यंत्र दिवसभर, अत्यंत आत्मविश्वासाने, चुकीचीच मापे दाखवत राहील आणि हिरवा दिवा लागत राहील. अशा दिव्याखालून गेलेले भाग गाडीच्या ब्रेकमध्येही जातात आणि विमानाच्या इंजिनातही. तिथे मायक्रॉनची चूक ही कागदावरची चूक राहत नाही.

योहान्सन गेला तो ३० सप्टेंबर १९४३ रोजी, एस्किल्स्टूनातच. वय ७९. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. दोन्ही बाजूंच्या शस्त्रांच्या कारखान्यांत त्याने रूढ केलेल्या पद्धतीचे ठोकळे होते. बंदुकीसाठी निघालेल्या कल्पनेचा हा प्रवास अपेक्षितच म्हणायचा. पण त्याच ठोकळ्यांनी शिलाई मशीन, ट्रॅक्टर, शेतीपंप आणि सायकलही माणसाला स्वस्तात दिली, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, स्वीडनच्या अभियांत्रिकी विज्ञान अकादमीने त्याला आपले मोठे सुवर्णपदक दिले. ते घ्यायला तो नव्हता.

त्यानंतर मीटरची व्याख्याच दोनदा बदलली. १९६० साली पॅरिसजवळच्या धातूच्या पट्टीची जागा क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरींनी घेतली आणि १९८३ साली मीटर प्रकाशाच्या वेगाशी बांधला गेला. पण प्रकाशाचा वेग काही कारखान्याच्या टेबलावर ठेवता येत नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रकाशलहरींनी स्लिप गेज मोजतात. त्या गेजशी विजेच्या कम्पॅरेटरवर दुसरे गेज ताडून पाहतात. दुसऱ्यावरून तिसरे. असे करत करत ते माप चाकणच्या किंवा शिरोलीच्या तपासनीसाच्या लाकडी पेटीत येऊन पोचते. या साखळीत ठरावीक मुदतीने प्रत्येक गेजला पुन्हा वरच्या दारात जाऊन आपली खात्री पटवावी लागते. कितीही जुना, कितीही नामांकित गेज असो, त्याला सूट नाही.

योहान्सनने जगाला दिले ते हे. पोलादाचे तुकडे तर त्याने दिलेच. पण अनोळखी माणसांनी एकमेकांच्या कामावर विश्वास ठेवावा, यासाठी लागणारी साक्ष त्याने सुटी करून, पेटीत भरून, कुणाच्याही हाती देता येईल अशी केली. पुढे कधी दुकानातून आणलेला एखादा भाग तुमच्या गाडीत, मिक्सरमध्ये किंवा शिलाई मशीनमध्ये एका फटक्यात बसला, तर एस्किल्स्टूनाच्या त्या आर्मररची आठवण जरूर काढा. आणि त्याच्याबरोबर, आपले मशीन पोलादाच्या भुकटीने माखू देणाऱ्या मार्गारेताचीही.